पांढरीची खोली

१

पूर ओसरला की लोक म्हणतात, सुटलो. घराचे खरे हाल त्यानंतर सुरू होतात. मी तेरला अक्काकडे पोचले तेव्हा तिचं सगळं घर छतावर, माळवदावर चढून ऊन खात बसलं होतं. उतरंडीची मडकी, गोधड्या, भावजींच्या दुकानातली ज्वारी, देव्हारा, कपड्यांची लाकडी पेटी आणि बाजूला तिचं झाकण. उन्हं आली की सगळं वर न्यायचं, दुपारी उलटं करायचं, उन्हं कलली की खाली आणायचं. खाली भिंतींवर तेरणेच्या पाण्यानं छातीइतक्या उंचीवर एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. रेघेच्या वर चुना, खाली शेवाळ. भुईवर राख पसरायची, ती ओल पिऊन काळी झाली की झाडून काढायची आणि पुन्हा पसरायची. दिवस त्यातच जायचा.

मी हैदराबादेत कॉलेजात शिकत होते. कुर्डुवाडीला गाडी बदलून येडशीला उतरले आणि पुढं बैलगाडीनं चिखल तुडवत आले. आमची अव्वा, म्हणजे आई, वारल्यामुळं अक्काला माहेर म्हणून मीच उरले होते आणि अक्काचे दिवस भरत आले होते. खरं तर अशा कामाला माझ्यासारखी मुलगी कुणी बोलावू नये. ताट पडलं तरी मी दचकते. भावजी, म्हणजे अक्काचे यजमान विरुपाक्ष, मला बघून म्हणाले, “महानंदाबाई आल्या. आता मांजरानं उडी मारली तरी घरात दोन बायका ओरडतील.” मी हसले. तेही हसले. पण हसताना त्यांची नजर माजघराच्या मागच्या दाराकडं होती.

त्या दारामागं बाळंतिणीची खोली होती. गेल्या वर्षी याच दिवसांत अक्काचं पहिलं बाळ तिथं जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. भिंतींना ओल होती, लेकराच्या छातीत गारठा भरला. भावजींनी त्याला स्वतःच्या हातांनी माती दिली. पाऊस चालू होता आणि खड्डा खणावा तसं तळाला पाणी साचत होतं, असं अक्कानं मला पत्रात कळवलं होतं. त्या घरात ‘ओल’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. तरी सगळं घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच एका शब्दाशी झगडत होतं.

२

बाकी घर हळूहळू वाळत होतं, ती खोली वाळेना. लहान, एका दाराची, वर एक झरोका. भुईवर पाय ठेवला की पावलाचा ठसा उमटायचा आणि ठशात पाणी चमकायचं. लढाईचे दिवस होते. कोळसा मिळत नव्हता, रॉकेलला कंट्रोल होतं आणि गावातल्या साऱ्या गोवऱ्या पुरात भिजून शेण होऊन गेल्या होत्या. शेगडी पेटवायची कशानं? धाराशिवच्या दवाखान्यात न्यावं तर वाटेतले ओढे अजून कमरेइतके वाहत होते. भरल्या दिवसांच्या बाईला त्यातून गाडीत घालून कोण नेणार?

सुईण इरम्मा येऊन बघून जायची. तिची ओल ओळखायची रीत होती. संध्याकाळी ती एक कच्चा पापड त्या भुईवर ठेवायची आणि सकाळी येऊन दोन बोटांनी उचलायची. पापड ओल्या फडक्यासारखा लोंबायचा.

“आजून न्हाय,” एवढंच म्हणून ती निघून जायची.

शेवटी भावजींना सुचलं. आमच्याकडं घरं धाब्याची. माळवदावर जाड थर घालतात तो पांढऱ्या मातीचा, पांढरीचा. काळी माती शेताची आणि पांढरी गावाखालची, जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून गेली त्या जागेची. तेरच्या कडेला अशा जुन्या वस्तीचं मोठं टेकाड आहे. कितीही पाऊस होवो, पांढरी वरच्यावर पाणी पिते आणि खाली थेंब येऊ देत नाही. पुरानं त्या टेकाडाची एक बाजू भाकरीसारखी मोडून नेली होती आणि आतली माती उघडी पडली होती. सारं गाव भिजलं तरी ती कोरडीच होती.

“जी माती आभाळाचं पाणी पिती,” भावजी म्हणाले, “तिला भुईचं पाणी काय जड हाय?”

त्यांच्या आई, रुद्रम्मा आत्याबाई, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “पांढरी घराच्या डोक्यावर असती. तिला अंथरुणाखाली कुणी घालतं का?”

“माती ती माती, अव्वा. वरची खाली घातली, एवढंच.”

आत्याबाई पुन्हा चुलीकडं वळल्या. त्यांना काही ठाऊक असावं असंही मला वाटलं नाही. रीत मोडली की म्हाताऱ्या माणसांची कुरकुर असते, तेवढीच ती होती. मलाही विचारलं गेलं. बारीक कणांची कोरडी माती पाणी ओढून घेते, वातीत तेल चढतं तसं, असं मी सांगितलं. ते खरंच आहे.

शेतावरचा गडी शरणप्पा गाडी भरभरून ती माती घेऊन आला. खोलीतली ओली भुई हातभर खणून बाहेर टाकली आणि तिथं पांढरी भरली. पिठासारखी मऊ होती आणि रंगानं विभूतीसारखी. मी मूठभर उचलली तर कोमट लागली. उन्हातून आली होती, त्यात नवल नव्हतं. एक गोष्ट मात्र तेव्हा डोळ्यांना दिसली आणि मनाला उशिरा लागली. भर दुपारी गाडी रिकामी करून, धुम्मसानं भुई ठोकून शरणप्पा बाहेर आला, तर त्याच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

३

ठोकलेली भुई सारवायला मी बसले. शेण पातळ कालवलं, पहिला हात टाकला आणि हात पुढं सरकेना. सारवण माझ्या तळव्याखालीच वाळून गेलं होतं. पाच बोटं तिथं उमटून राहिली. मी आणखी पाणी घातलं. तेही तसंच. सारवणाचे पोपडे सुटून वर वळले.

आत्याबाई दारातून बघत होत्या. “कॉलेजात सारवायला शिकवत न्हाईत वाटतं,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून स्वतः बसल्या. थोड्या वेळानं त्या उठल्या. भुईवर त्यांच्याही बोटांचे ठसे होते. त्यांनी हात पदराला पुसले, पण पुसण्यासारखं हाताला काही उरलं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे तशीच,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी इरम्मानं पापड उचलला. तो उचलताच मोडला. तिनं तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि मला दाखवला. कच्चा पापड निखाऱ्यावर धरल्यासारखा कडांनी वळला होता. ती माझ्याकडं बघून हसली, पण ते हसू तिला पुरतं जमलं नाही. मग तिनं अक्काला आत आणायला सांगितलं.

घरात सणासारखं झालं. भावजींनी स्वतः बाज आत आणली. शेजारच्या प्रेमाबाई बघायला आल्या, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “माळवद खाली आणलाव म्हणं. मग आता निजायला वर जाताव का?” सगळ्या हसल्या. अक्का भिंतीला हात लावून उभी होती. पुराची रेघ त्या भिंतीवरून पार नाहीशी झाली होती. तिनं पूर्ण तळवा टेकवला, मग गाल टेकवला आणि डोळे मिटले.

तिचा तो चेहरा आठवला की, तेव्हाच शंका आली असती तरी मी तिला काय सांगणार होते, हे मला अजूनही कळत नाही.

४

मी अक्काजवळ दुपारी बसायची, वाचून दाखवायची. तिच्या उशाशी पितळी तांब्या भरून ठेवायची, वर फुलपात्र पालथं घालायची. वाचता वाचता तिला पाणी द्यावं म्हणून तांब्या उचलला की तो हलका लागायचा. पहिल्यांदा वाटलं, भरायचा राहिला. मग वाटलं, मी पानात डोकं घातलं असताना ती पिते.

“मी कुठं प्याले?” अक्का म्हणाली. “मला तहानच न्हाय.”

मडकं असतं तर पाझरलं म्हणता आलं असतं. पितळ पाझरत नाही. हवेत उडून गेलं म्हणावं तर झाकण होतं. माझं हे असंच असतं. आधी भीती वाटते, मग त्या भीतीला पटेल असं कारण मी शोधत बसते. तांब्याचं बूड भुईवर टेकलेलं होतं. मी तो उचलून कोनाड्यात ठेवला. कोनाड्यात पाणी तसंच राहिलं.

त्या दिवशी मी न्हाऊन, ओल्या केसांनीच आत गेले होते. केस मोकळे सोडून भुईवर बसले, टोकं जमिनीला लागत होती. अक्का पहिल्या बाळाचं बोलायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. त्याला जावळ किती होतं, मूठ कशी आवळायचा. बोलता बोलता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, खांदे हलायला लागले, हुंदके फुटले. मी तिला जवळ घेतलं आणि तिचे डोळे पुसायला पदर लावला.

पदर कोरडा राहिला. ती रडत होती, मनापासून रडत होती आणि डोळ्यांत काही नव्हतं. पापण्या कागदासारख्या वाजत होत्या.

मी उठले तेव्हा माझे केस वाळले होते. मुळाशी नव्हे, टोकांशी. टोकांना हात लावला तर ती बोटांत तुटून आली.

५

मी भावजींना दुकानात गाठलं. त्यांनी आधी थट्टा केली. खोली ओली होती तेव्हा तुम्ही रडत होता, आता कोरडी झाली तरी रडताय, तुमच्या कॉलेजात मधली खोली मिळती का, असं काहीसं. मग माझा चेहरा बघून पोत्यांकडं वळले. पोती नीट करत म्हणाले, “कुठं न्हेऊ तिला? बाकी घर बघताव न्हवं?” खरंच, माजघराच्या भिंती अजून घामेजल्यासारख्या होत्या. त्या खोलीचा उंबरा ओलांडून बाहेर आलं की पायाखाली गार लागायचं. मला तेव्हा तो गारवा किती बरा वाटायचा.

आत्याबाईंना मी काही विचारलं नाही. मी भाकरी खात असताना त्याच आपण होऊन म्हणाल्या, “त्या खोलीत मी पाणी न्हेत न्हाय, बाय.” आणि कालवणाचं भांडं पुढं सरकवलं.

माती ती माती. कुठल्याही मातीची पिण्याची काहीतरी सीमा असतेच. पोट भरलं की थांबेल. एवढा साधा विचार करून मी दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्का परसात न्हायला गेली असताना, घागर घेऊन खोलीत गेले. झरोक्यातून ऊन सरळ भुईवर पडलं होतं. बाजेच्या पायापाशी पांढरीला बारीक तडे गेले होते. मी घागर कलती केली.

पाण्यानं डाग पडला नाही. ओली माती काळवंडते, ही काळवंडली नाही. धार जिथं पडत होती तिथून ती खाली जात होती, जणू खाली कुणी तोंड लावून आहे. घागर संपली. मी दुसरी आणली. दुसरी संपत आली तेव्हा धार बारीक झाली आणि मला आवाज ऐकू आला. पाणी मातीत मुरतं तेव्हा बुडबुड्यांचा चुरचुर असा आवाज येतो, तो मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. त्यात दम घ्यायला थांबणं होतं. पिणारं माणूस घोटांच्या मध्ये थांबतं, तसं.

मी भुईला हात लावून बघितला. का लावला, सांगता येत नाही. तळवा टेकला आणि कोमट माती हाताखाली किंचित वर आली. मांजराच्या पाठीवर हात ठेवला तर ते पाठ वर करतं ना, तितकीच. मी हात ओढला. तो सहज निघाला नाही. तळव्याची कातडी सुरकुतून म्हाताऱ्या बाईच्या हातासारखी झाली होती.

जिथं हात होता तिथं भुईत एक खळगा होता. माझ्या हाताएवढा नव्हता, त्याहून लहान होता. मी बघत असताना तो मिटला.

६

अक्का मानेना. माजघरात चल म्हटलं तर तिनं बाजेची कड धरली. मी पाण्याचं सांगितलं, भुईचं सांगितलं, हात दाखवला. तिनं माझा हात उलटसुलट करून बघितला आणि आपला हात शेजारी धरला. तिचा तसाच होता.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय? गेल्या वर्षी मी त्याला पोटाशी धरून बसले होते, नंदा. त्याच्या छातीत पाणी वाजत होतं. ते मी ऐकलंय. तू न्हाय ऐकलं.” तिचे ओठ फुटले होते, पण आवाज अगदी शांत होता. “हितं कोरडं हाय. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी पाया पडले. तुला काही झालं तर त्याला कोण बघणार, असं म्हणाले. अव्वाची शपथ घातली. शेवटी ती कंटाळून म्हणाली, बरं, उद्या ऊन झाल्यावर माजघरात माझी बाज लावा. मी ते भावजींना सांगितलं. त्यांनी शरणप्पाला पाठवून प्रेमाबाईंकडून दोन कोरड्या घोंगड्या मागवल्या. त्यांना माझं पटलं होतं की मला गप्प करायचं होतं, कोण जाणे. पण त्या रात्री मी जरा झोपले.

७

घोंगड्या माजघरात अंथरत होते तेवढ्यात आतून अक्काची हाक आली. ऊन अंगणात पुरतं उतरलंही नव्हतं. इरम्मा येईपर्यंत कळा एकावर एक यायला लागल्या होत्या. अक्का बाजेवरून खाली भुईवर उतरून बसली होती, आमच्याकडं बाया बसतात तशी, पाठ बाजेला टेकून. मी आणि आत्याबाईंनी तिच्या काखेत हात घातले. उंबऱ्यापलीकडं न्यायचं, एवढंच होतं. आत्याबाई त्या दिवशी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या.

इरम्मानं आम्हांला अडवलं. डोकं दिसत होतं.

“पाणी कधी गेलं?” तिनं विचारलं. बाळाच्या आधी पाणी जातं, ते.

अक्कानं मान हलवली. गेलंच नव्हतं. इरम्मानं भुईकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं. सगळं कोरडं होतं. तिनं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि तेलाची वाटी मागितली. तेल हातावर घेतलं, ते हातावर राहिलं. तेल चालत होतं. मला त्या क्षणी त्याचाच केवढा आधार वाटला.

पुढचं मी नीट बघितलेलं नाही. मी अक्काचं डोकं धरलं होतं आणि तिच्या ओरडण्याला घशातून येणारी एक खरखर होती, ती मी ऐकत होते. मग एकदम सगळं सैल पडलं. लेकरू इरम्माच्या हातात होतं. सगळी लेकरं असतात तसं, चिकट, लाल, चकचकीत. मी ते तसं पाहिलं. हे मी शपथेवर सांगते. नाळ बांधायला दोरा हवा होता. तो आत्याबाईंच्या हातात होता आणि तो घ्यायला म्हणून इरम्मानं लेकरू भुईवर टेकवलं. पापणी लवते तेवढाच वेळ. त्याच्या पाठीखालची पांढरी चारी बाजूंनी जरा वर उचलली, काठ असलेल्या ताटासारखी. मग पुन्हा सपाट झाली.

इरम्मा दोरा घेऊन वळली आणि थांबली.

लेकरू स्वच्छ होतं. अंगावर रक्ताचा ठिपका नाही, चिकटा नाही, जावळ सुटं सुटं. अंगाला विभूती लावल्यासारखी पांढरट झाक.

“कुणी पुसलं?” इरम्मानं विचारलं.

आम्ही तिघीही एकमेकींकडं बघत होतो. मग लेकरू रडलं. चांगलं खणखणीत रडलं. बाहेरून भावजींचा आवाज आला, “काय हाय?” आणि आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

“मुलगा हाय,” अक्का म्हणाली.

८

आम्ही दोघांना लगेच माजघरात आणलं. अक्का पाणी प्याली. तांब्यामागून तांब्या प्याली, छातीवर सांडत प्याली. ओठांवरचं रक्त पाण्यात मिसळून हनुवटीवरून खाली आलं आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. ते बघून मीही रडले. भावजींनी शरणप्पाला बोलावून त्याच दिवशी ती भुई खणायला लावली. सगळी पांढरी गाडीत घालून टेकाडाकडं परत गेली. खोलीत खड्डा उरला. दार ओढून कडी घातली. जंगमस्वामी आले, लेकराच्या गळ्यात लिंग बांधून गेले. मी मनाशी म्हटलं, आपण वेळेत बाहेर पडलो.

लेकरू गुटगुटीत होत गेलं. छाती स्वच्छ, श्वास मोकळा. अक्काला दूध भरपूर येत होतं आणि त्याला ते कधी पुरत नव्हतं. आत्याबाई प्रेमाबाईंना कौतुकानं सांगत होत्या की, माजघराची भिंत इतक्या दिवसांत वाळत नव्हती, ती लेकराच्या पायगुणानं वाळली. ते खरं होतं. पाळणा टांगला होता तिथून भिंत वाळत गेली होती, सगळ्या बाजूंनी सारखी. मी ते ऐकलं आणि दुपट्यांच्या दोरीकडं बघितलं. दोरी रिकामी होती. घरात तान्हं मूल आणि दोरीवर एक दुपटं नाही. बाळंतपणापासून मी एकही दुपटं धुतलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी परत जायच्या आदल्या दिवशी इरम्मा लेकराला न्हाऊ घालत होती. परसातल्या न्हाणीत पाय लांब करून बसलेली, लेकरू पालथं पायांवर. मी कढत पाणी विसणून तांब्यात देत होते. ती एक तांब्या ओतायची, अंग चोळायची, दुसरा ओतायची. ऊन छान पडलं होतं. अक्का ओट्यावर बसून केस विंचरत होती. लेकरू पाण्याखाली गप्प पडून होतं. न्हाताना मुलं रडतात. हे कधीच रडत नसे.

न्हाणीचं पाणी मोरीतून बाहेर अळूच्या वाफ्यात जातं. मला काय वाटलं कोण जाणे, मी तांब्या देऊन भिंतीपलीकडं जाऊन बघितलं. मोरीचं तोंड कोरडं होतं. अळूची पानं वाळून, चुरगळून जमिनीला टेकली होती. मी तिथं उभी राहिले. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मोरीतून काही आलं नाही. आणखी एकदा आवाज आला. मग पाण्याचा आवाज थांबला आणि मधल्या शांततेत कुणीतरी दम घेतला.

मी आत आले तेव्हा इरम्माचे पाय घोट्यांपर्यंत कोरडे ठणठणीत होते. कातडीला भेगा पडल्या होत्या. तिनं मान वर केली नाही. अक्कानं फणी खाली ठेवली होती. ती माझ्याकडं बघत होती. मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

“लेकरू जितं हाय न्हवं, नंदा?”

मी मान डोलावली.

“मग झालं,” ती म्हणाली.

घंगाळ रिकामं झालं होतं. इरम्मानं खाली बघतच हात पुढं केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आजून आण.”

मी घागर उचलली आणि नदीकडं निघाले.